गाण्याच्या बैठकीत मूल

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा त्यांची समजूत होती की मी शंकराचार्यांवर बोलेन, फार तर कान्टवर. मी म्हटलं, मला रडणाऱ्या मुलावर बोलायचंय. चालक सभ्य गृहस्थ आहेत, त्यांनी होकार दिला.

निमित्त साधंच. परवा एका संगीतसभेची पत्रिका घरी आली. कुठली ते सांगत नाही. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहावे'. आणि तळाला बारीक अक्षरांत, 'पाच वर्षांखालील मुलांना सोबत आणू नये'. मी तर्कशास्त्र तीस वर्षं शिकवलं. या दोन विधानांची संगती कशी लावायची ते मला जमलं नाही. ज्या घरात चार वर्षांचं मूल आहे त्या घराने नेमकं काय करायचं? उत्तर तुम्हाला माहीत आहे. एकाने घरी राहायचं. कोणी राहायचं, तेही तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा प्रश्न असा, की मूल गाण्याच्या बैठकीतून बाहेर केव्हा गेलं? की ते आत नव्हतंच? मी सातारा-सांगलीपुरतंच बोलतो, कारण हा इतिहास आपल्याच अंगणात घडलेला आहे.

सुरुवात कीर्तनापासून करू. नारदीय कीर्तनाची रचना बघा. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान. निरूपणाला मूल आईच्या मांडीवर झोपतं, आणि आख्यानात राक्षस आला की त्याला हलवून उठवतात. पोरं सगळ्यात पुढे, बुवांच्या पायाशी. बुवाही मधेच एखाद्या पोराकडे हात करून 'काय रे, खरं की नाही?' म्हणतात. म्हणजे मूल तिथे नुसतं चालवून घेतलेलं नसतं, बुवा त्याला कामाला लावतात. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः उभे राहून कीर्तन करत. सूर्यनमस्कारांचा प्रचार करणारे, चित्रं काढणारे, आपल्या प्रजेला राज्यघटना देणारे, असे हे राजे. राजाचं गाणं ऐकायला दरबाराचं निमंत्रण लागत नव्हतं, ही त्यातली मोठी गोष्ट.

गोंधळाचंही तेच. संबळ, तुणतुणं, दिवटी आणि रात्रभराची कथा. घोंगडीवर चारपाच पोरं आडवी-तिडवी झोपलेली. गोंधळी त्यांच्यावरून पाय उचलून पलीकडे जातो आणि त्याचा ताल चुकत नाही. हे मी लहानपणी पाहिलं आहे. पाहिलं म्हणजे त्या आडव्या पोरांत मी होतो.

मग नाटक. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्या काळच्या नाटकांना पुढच्या विद्वानांनी 'अललडुर्र' आणि 'तागडथोम' अशी नावं ठेवली, कारण राक्षस आरडाओरडा करत, नाचत रंगभूमीवर यायचे. टिंगल म्हणून दिलेली ही नावं आहेत. मला ती प्रशस्तिपत्रकं वाटतात. ज्या प्रयोगात राक्षस ओरडत येतो त्या प्रयोगात पोराने रडून व्यत्यय येईल तो कसा? पुढे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि रागदारी नाटकाच्या पदांतून घराघरांत शिरली. हरिपूरचे देवल, सांगलीचे खाडिलकर ही त्याच वाटेवरची आपली माणसं. ज्या घरातली बाई गवयाच्या बैठकीला कधी गेली नसती, ती नाटकाच्या पदातून यमन आणि भीमपलास ऐकू लागली, आणि तिची मुलंही.

पण इथे थांबून एक कबुली दिली पाहिजे, नाहीतर हे 'पूर्वी सगळं छान होतं' असं व्याख्यान होईल. माझ्या वयाच्या माणसाला तो मोह फार. खासा गवई जिथे गात होता, ती दरबाराची, सरदाराच्या दिवाणखान्यातली किंवा कलावंतिणीच्या माडीवरची बैठक कुटुंबासाठी नव्हतीच. तिथे पुरुष जात. घरच्या बायका फार तर चिकाच्या पडद्याआड. मुलांचा प्रश्नच नव्हता. म्हणजे मूल कीर्तनातून हाकललं गेलं नाही आणि बैठकीत कधी शिरलंही नव्हतं. दोन वेगळ्या परंपरा होत्या. आजची संगीतसभा या दोहोंपैकी कोणाची वारस आहे, हा खरा प्रश्न.

इथे मिरज येते. कुरुंदवाडचं एक पोर, १८७२ चा जन्म, फटाक्याने डोळ्यांना इजा झाली म्हणून उपचारासाठी मिरजेला आणलं. दृष्टी फारशी परत आली नाही, पण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम मिळाली. हे विष्णू दिगंबर पलुस्कर. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली, आणि पुढे सौराष्ट्रात तिकीट लावून सर्वांसाठी जाहीर गाणं केलं. राजाची मर्जी नको, सरदाराची ओळख नको. पैसे द्या, आत या. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. मुलांसाठी 'संगीत बालप्रकाश' सारखी क्रमिक पुस्तकं लिहिली. गाणं सभ्य घरातल्या मुलामुलींनी शिकावं, कुटुंबाने ऐकावं, हा त्यांचा ध्यास होता. आज आपल्या मुली गाण्याच्या परीक्षांना बसतात त्याचं मोठं श्रेय त्यांना आहे.

मात्र या दाराला एक उंबरठा होता. गाणं 'घरंदाज' करायचं म्हणजे ज्या बायकांनी ते पिढ्यान् पिढ्या सांभाळलं होतं त्यांना थोडं दूर सारायचं, असा त्याचा दुसरा अर्थ निघाला. कुटुंबासाठी जागा करताना कलावंतिणीची जागा गेली. हा मुद्दा मी मुद्दाम काढतो. आजही कोणी 'फॅमिली कार्यक्रम' म्हणालं की मी विचारतो, यातून कोणाला वगळताय?

ही कोंडी फोडली ती मिरजेतच जन्मलेल्या एका मुलीने. हिराबाई बडोदेकर, जन्म १९०५, अब्दुल करीम खाँसाहेब आणि ताराबाई यांची कन्या. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिका म्हणून त्यांचं नाव घेतात. काठापदराचं लुगडं, शांत बसणं, हातवारे नाहीत, आवाजात एक घरगुती गोडवा. हिराबाईंचं गाणं म्हटल्यावर घरातल्या बायका उघडपणे, नवऱ्याबरोबर जाऊ लागल्या. बाई आली की मूल आलंच. माझ्या आजीने आयुष्यात एकच गायिका समोर बसून ऐकली, ती हिराबाई. मांडीवर माझे काका होते.

मग मूल पुन्हा बाहेर गेलं कसं? माझं उत्तर अगदी जड वस्तूंचं आहे, तत्त्वज्ञानाचं नाही. खुर्ची आणि दार. सतरंजीवर बसलेलं मूल सरकतं, कलंडतं, झोपतं. खुर्चीवर ते लोंबकळतं, आणि कंटाळलं की समोरच्या पाठीला लाथ मारतं. सतरंजीच्या कडेने उठून जाता येतं. रांगेतून बाहेर पडायला बारा जणांचे गुडघे ओलांडावे लागतात, आणि शेवटी ते दार, जे उघडताना करकरतं. त्यात ध्वनिक्षेपकाने श्रोत्यांना अशा शांततेची सवय लावली, जी वाड्यातल्या बैठकीतही नसे. तिथे पानाचा डबा फिरायचा, दाद मोठ्याने जायची.

आता स्वतःचं सांगतो. १९८०-८१ ची गोष्ट. आमच्या भागातलंच एक सभागृह, एक मोठे गवई, पहिल्या रांगांत आम्ही प्राध्यापक मंडळी. आमचं मूल दहा महिन्यांचं. विलंबित ख्याल सुरू झाला आणि ते कुरकुरलं. मागून कोणीतरी 'शुक्' केलं. मी पत्नीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, बोललो काहीच नाही. ती उठली आणि व्हरांड्यात गेली. पुढची तीनचार वर्षं प्रत्येक गाण्याला ती व्हरांड्यातच असायची, आणि मी घरी येऊन तिला राग समजावून सांगायचो. मूर्खपणाला सीमा नसते. निवृत्त झाल्यावर केव्हातरी मी तिला विचारलं, 'तुला बाहेर कितपत ऐकू यायचं?' ती म्हणाली, 'तुमची सगळ्यांची वाहवा ऐकू यायची. गाणं नाही.'

काही नाट्यगृहांत अशा आयांसाठी काचेआड खोली असते. नसण्यापेक्षा बरी. पण जिथे ती असते तिथे बहुधा झाडू आणि मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या दिसतात, आणि आतला कर्णा बंद असतो.

याउलट मिरजेचा उरूस. ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा. पहिला गलेफ चर्मकार समाजाचा, हा तिथला मान. अब्दुल करीम खाँसाहेब इथे गात. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमलकोईल या छोट्या स्टेशनावर त्यांचा अंत झाला. विसावले ते या दर्ग्याच्या आवारात. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीतसभा होते, चिंचेच्या झाडाखाली, उघड्यावर. कलावंत तिथे 'हजेरी' लावतात. हा शब्द मला फार आवडतो. तिथे गवईही हजेरीला आलेला, श्रोताही.

या सभेला कडा नाही. गाणं कुठे संपतं आणि उरूस कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. पुढे दर्दी बसलेले, त्यांच्यामागे ज्यांना थोडं कळतं ते, त्यांच्यामागे नमाजाला किंवा नवसाला आलेली कुटुंबं, आणि शेवटी पिपाणी हातात घेतलेली पोरं. मूल रडलं तर बाई चार पावलं मागे जाते. गाण्यातून बाहेर जात नाही, फक्त मागे जाते. गप्प झालं की चार पावलं पुढे. माझ्या पत्नीला जे हवं होतं ते एवढंच होतं.

मिरजेच्या पोराला गाणं लवकर कळतं असं म्हणतात. मला त्यात चमत्कार वाटत नाही. सतारमेकर गल्लीत दुकानं रस्त्यावर उघडी. भोपळे टांगलेले, आत कोणीतरी जवारी काढतोय, शाळेतून येणारं पोर उंबऱ्यावर उभं राहून बघतंय. कोणी हाकलत नाही. हत्यारं घडवणारे शिकलगार वाद्यं घडवू लागले त्याला दीडशे वर्षांच्या वर होऊन गेली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या उंबऱ्यालाही मिळायला हवं होतं.

साताऱ्याकडचं उदाहरण औंधचं. अंतुबुवा म्हणजे अनंत मनोहर जोशी, किन्हईचे, बाळकृष्णबुवांचेच शिष्य. आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ त्यांनी १९४० मध्ये औंधला संगीतोत्सव सुरू केला, आश्विन वद्य पंचमीला. पुढे गजाननबुवांनी आणि त्यांच्या शिष्यपरिवाराने तो चालवला, आजही चालू आहे. तिकीट नाही. गुरूच्या पुण्यस्मरणाला आलेल्या माणसाला 'तुमचं मूल किती वर्षांचं?' असं विचारणार कोण? मला वाटतं औंधची आणि मिरजेची सभा मुलाला सामावून घेते त्याचं कारण हे. आयोजकांनी मुलांसाठी वेगळं काही केलेलं नाही. या सभा मैफलीपेक्षा कीर्तनाच्या जास्त जवळच्या आहेत.

कोणी म्हणेल, प्राध्यापक, पण रसभंगाचं काय? रास्त प्रश्न आहे, आणि इथे मला माझा विषय थोडा काढू द्या. अभिनवगुप्ताने रसाची सात विघ्नं सांगितली आहेत. मी ती यादी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली. त्यात रडणारं मूल नाही. त्यात एक विघ्न आहे ते श्रोत्याने स्वतःच्याच सुखदुःखात बुडून बसण्याचं. आणि त्यावर त्याने उपाय कोणता सांगितलाय? गाणं, वादन, सजवलेला मंडप. म्हणजे माणसाला स्वतःतून बाहेर काढायला गाणं असतं. पहिल्या रांगेत बसून 'शुक्' करणाऱ्याला विघ्न झालं होतं खरं, पण ते त्याने घरूनच आणलं होतं. अर्थात एखादं मूल अर्धा तास टाहो फोडत असेल आणि आईबाप ढिम्म बसले असतील, तर तो दोष आईबापांचा. त्याला माझी सहानुभूती नाही.

एक बदल आपोआप झाला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होतो, वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत. रात्रभराच्या मैफली गेल्या म्हणून आम्ही म्हातारे हळहळलो. सकाळचे राग सकाळी, दुपारचे दुपारी ऐकायची सोय झाली, ती मात्र लहान मुलांच्या घरांना मानवणारी आहे. दुपारी चारला भीमपलास ऐकून पोराला साडेआठला झोपवता येतं.

चालकांना माझं मागणं थोडं आहे. पुढच्या दोन रांगा काढा आणि तिथे सतरंजी घाला. एक दार सताड उघडं ठेवा, त्याबाहेर एक कर्णा आणि चार खुर्च्या, म्हणजे बाहेर गेलेल्याला गाणं ऐकू येईल. मोठे कर्णे मुलांच्या कानांच्या उंचीवर ठेवू नका. ख्याल संपला की पाच मिनिटं थांबा. आणि मूल बाहेर न्यायची वेळ आली तर बापांनी उठावं. त्यासाठी पत्रिकेत काही छापायची गरज नाही.

औंधला आश्विनात पहाटे गारवा असतो. मुलांना नेणार असाल तर शाल घ्या, आणि बसायचं कडेला.