दोरी हाताला गुंडाळू नये

मंडळी, आमच्या चाचांचा नदीकाठी भाजीचा मळा होता. पाणी उपसायला एक लहानसं इंजिन होतं. पेट्रोलवर सुरू व्हायचं आणि चांगलं तापलं की रॉकेलवर चालायचं. त्याच्या चाकाला एक खाच होती. दोरीची गाठ त्या खाचेत अडकवायची, दोन-तीन वेढे द्यायचे आणि जोरात हिसका मारायचा. मला पहिल्यांदा दोरी दिली तेव्हा चाचा एवढंच म्हणाले, "दुसरं टोक नुसतं मुठीत धर बेटा, हाताला गुंडाळू नको." त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं होतं. ते कशानं, हे मी कधी विचारलं नाही. पुढे या यंत्रांचा इतिहास वाचला, तेव्हा त्या बोटाचा अर्थ लागला.

लहान पेट्रोल इंजिनाची कथा सुरू होते जर्मनीत. 1885 साली गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी एक हलकं, उभट इंजिन तयार केलं. लंबकाच्या उभ्या घड्याळासारखं दिसायचं म्हणून त्याला घड्याळाचंच नाव पडलं. त्यात ठिणगी नव्हती. एक नळी बाहेरून ज्योतीनं तापवायची आणि त्या तप्त नळीनं आतलं मिश्रण पेटवायचं. म्हणजे शेजारी पेट्रोल आणि शेजारीच उघडी ज्योत! त्याच वर्षी हे इंजिन लाकडी दुचाकीवर बसवलं. पहिल्याच फेरीत खालच्या नळीच्या उष्णतेनं बसायच्या खोगिरानं पेट घेतला, असं सांगतात.

ही ज्योत घालवली मॅग्नेटोनं. लोहचुंबक फिरला की वीज निर्माण होते आणि त्या विजेची ठिणगी प्लगमध्ये पडते. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात 1902 साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार झाला. आगीचा एक धोका कमी झाला, पण दुसरा उरला. दट्ट्या वर पोचण्याआधीच ठिणगी पडली, तर मिश्रण अवेळी पेटतं आणि इंजिन उलटा झटका देतं. त्या काळी मोटारी लोखंडी हँडलनं फिरवाव्या लागत. उलट्या झटक्यानं मनगटं मोडत. मनगटाजवळच्या एका अस्थिभंगाला डॉक्टर आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात, ते यामुळेच. म्हणून ड्रायव्हरला शिकवत, अंगठा हँडलभोवती लपेटू नका, बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल उलटलं तर हातातून सुटून जाईल. चाचांची दोरी आणि हे हँडल, नियम एकच. यंत्राला धरा, पण यंत्रानं तुम्हाला धरू नये.

1912 साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा 'सेल्फ' आला आणि मोटारवाल्यांचे हात सुटले. लहान इंजिनांना मात्र बॅटरीचं ओझं परवडेना. तिथं दोरीच राहिली. पुढे स्प्रिंगवर आपोआप गुंडाळणारी दोरी आली. महायुद्धानंतर 1946 साली जपानमध्ये सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या बिनतारी संचांची शिल्लक राहिलेली छोटी इंजिनं सायकलींना बसवली. आता इंजिन सामान्य माणसाच्या हाती आलं. शिकवायला उस्ताद नव्हता; होती ती सोबतची छापील पुस्तिका.

त्या पुस्तिकेत काय असतं? इंजिन सपाट जागी ठेवा, तेल बघा. पेट्रोलचा कॉक उघडा, थंड इंजिनाला चोक द्या. दोरी आधी हळू ओढा, जड लागली की मग झटका द्या. परत जाताना ती सोडून देऊ नका, हातानं सावकाश आत जाऊ द्या. इंजिन चालू असताना किंवा तापलेलं असताना पेट्रोल भरू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि दूरची ठिणगीही तिला पुरते.

सगळ्यात क्रूर धोका मात्र दिसत नाही. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. वीज गेली म्हणून जनरेटर पडवीत, खोलीत किंवा तळघरात लावणारी कुटुंबं झोपेतच संपली आहेत. खिडकी उघडी ठेवणं पुरेसं नाही. यंत्र बाहेर, दारंखिडक्यांपासून लांबच हवं. अमेरिकेत 2007 पासून प्रत्येक फिरत्या जनरेटरवर हा इशारा छापणं सक्तीचं झालं. जनरेटर तर त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होते!

आणि थांबवणं? तोही इतिहासच आहे. बहुतेक लहान इंजिनांत बंद करायचं बटण पेट्रोल तोडत नाही, मॅग्नेटोची वीज इंजिनाच्या अंगात वळवून ठिणगी मारतं. ती तार तुटली, तर बटण दाबूनही इंजिन थांबत नाही. म्हणून पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढून ठेवायची. गवत कापायच्या चालत्या यंत्रांनी अनेकांची बोटं नेली, तेव्हा कुठे 1982 साली अमेरिकेत नियम आला, की मूठ सोडल्यावर पातं तीन सेकंदांत थांबलंच पाहिजे.

चाचा संध्याकाळी इंजिन एकदम बंद करत नसत. आधी रॉकेलचा कॉक फिरवून पुन्हा पेट्रोलवर आणत, थोडा वेळ हळू चालू देत, मगच थांबवत. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "सकाळी त्याला उठायचंय ना." रॉकेल आत राहिलं, तर थंड इंजिन सकाळी पेटत नाही. आजची समाप्ती ही उद्याची सुरुवात असते, हे मी तिथं शिकलो.

आज चाचा नाहीत. पण सूचनांची पुस्तिका उघडली की वाटतं, यातली एकही ओळ लिहिणाऱ्यानं नुसती टेबलाशी बसून सुचवलेली नाही. प्रत्येक ओळीमागे कुणाचं तरी मनगट आहे, कुणाचं घर आहे, कुणाचं वाकडं बोट आहे. ती वाचायला दोन मिनिटं लागतात. ती लिहिली जायला मात्र शंभर वर्षं लागली.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)