दोन शतके धर्मगुरूंविना

१/ इ.स. १६१४. जपानच्या तोकुगावा शोगुनशाहीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरू हद्दपार झाले. लपून राहिलेलेही पुढील काही दशकांत नाहीसे झाले. मग श्रद्धावंतांचे काय झाले?

२/ कॅथलिक मतानुसार निकडीच्या वेळी बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो; मिस्सा मात्र गुरुदीक्षा लाभलेला धर्मगुरूच अर्पण करू शकतो. नागासाकी परिसरातील कुटुंबांनी बाप्तिस्मा गुप्तपणे जपला. ख्रिस्तप्रसादाला मात्र ती पिढ्यानपिढ्या मुकली.

३/ १७ मार्च १८६५. उराकामीचे काही गावकरी ओउरा चर्चमध्ये आले आणि फ्रेंच धर्मगुरू पतिजाँ यांच्यापाशी त्यांनी आपली श्रद्धा प्रकट केली.

४/ पुढे अनेकजण रोमशी पुन्हा जोडले गेले. काहींनी मात्र पूर्वजांचाच रिवाज राखला. बाप्तिस्म्याने समुदाय तगवला. ख्रिस्तप्रसादाच्या पंगतीला मात्र धर्मगुरूचीच वाट पाहावी लागली.