पाण्याला दिलेलं सोनं

दुधनीला मधुबन धरणाच्या पाण्यातून होडी निघाली, की मला आजीचे टाक आठवतात. चांदीचा पत्रा ठशावर ठोकून उठवलेला बोटभर खंडोबा. चिंचेनं घासून घासून त्याचे नाकडोळे बुजले, की आजी तो नदीत सोडायची आणि सोनाराकडून नवा घडवून आणायची.

कोलंबियातल्या मुइस्का लोकांचीही रीत अशीच होती. मेणाचा नमुना करून सोन्या-तांब्याच्या मिश्रणातून ओतलेल्या मूर्ती, ‘तुन्हो’, ते सरोवरांना वाहत. १९६९ मध्ये पास्काजवळच्या गुहेत मिळालेला त्यांचा सोन्याचा तराफा जेमतेम वीतभर आहे. मधोमध मुखिया, भोवती त्याची माणसं. सोन्याच्या हव्यासानं स्पॅनिशांनी अशाच एका, ग्वाताविता सरोवराचा काठ फोडून पाणी काढलं.

आजी म्हणाली असती, “देवाला दिलेलं परत मागतात का रे?”