निवेदन कोणाला द्यायचे? प्रश्न, ठराव आणि अशासकीय विधेयक यांची ओळख

अधिवेशन जवळ आले की आपल्याकडे निवेदनांचा हंगाम सुरू होतो. खासदारांच्या हातात कागद, शेजारी दहा-पंधरा कार्यकर्ते, एक फोटो, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्या कागदाचे पुढे काय झाले, हे क्वचितच कोणी विचारते. आमचा अनुभव असा की बरीच निवेदने चुकीच्या सभागृहाच्या प्रतिनिधीकडे जातात, किंवा त्यात सभागृहात विचारता येईल असा प्रश्नच नसतो. म्हणून आमदार-खासदारांच्या हातात नेमकी कोणती साधने असतात, ते इथे मांडत आहोत.

ठराव आणि विधेयक

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे मंडळात एक ठराव मांडून संमत करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेल्या व चालवलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अशा जागा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, ही त्यातली शिफारस. बोले मंत्री नव्हते. या ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी. ठराव ही सभागृहाची शिफारस असते, तो कायदा नसतो. पण बाबासाहेबांच्या पाठीशी तो कागद होता, हेही खरे.

१९२८ साली स्वतः बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात महार वतनासंबंधी, म्हणजे १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक आणले. दोन्ही वेळा ते सरकारात नव्हते, म्हणून ही अशासकीय विधेयके. दोन्हींचा तेव्हा कायदा झाला नाही. पुढे खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि महार वतन १९५८ च्या कायद्याने. वतन रद्द झाले तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. हिंदू कोड बिल मात्र या प्रकारात येत नाही. ते कायदामंत्री म्हणून त्यांनी पुढे नेलेले सरकारी विधेयक होते, आणि त्याची अडवणूक हे १९५१ च्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण ठरले. भाषणांत ही गल्लत नेहमी होते.

मंत्री नसलेला कोणताही खासदार, मग तो सत्ताधारी पक्षाचा का असेना, अशासकीय विधेयक मांडू शकतो. त्यासाठी साधारण एक महिना आधी सूचना द्यावी लागते. लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास या कामासाठी राखीव असतात. विधेयक मांडले म्हणजे त्यावर चर्चा होईलच असे नाही. कोणते आधी घ्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरते. लोकसभा विसर्जित झाली की तिथली प्रलंबित अशासकीय विधेयके संपतात. स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयकेच कायदा झाली, शेवटचे १९७० साली. २०१५ मध्ये तिरुची सिवा यांचे तृतीयपंथीयांच्या हक्कांचे विधेयक राज्यसभेने मंजूर केले. ते कायदा झाले नाही, पण पुढे सरकारला स्वतःचे विधेयक आणावे लागले. त्यातल्या तरतुदींवर तृतीयपंथी कार्यकर्त्यांनीच टीका केली, तो वेगळा विषय.

प्रश्न: सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित साधन

आमच्या मते तरुणांनी सर्वाधिक लक्ष इथे द्यावे. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो. म्हणजे अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन पळणे बहुधा उशिराचेच.

टीव्हीवर तारांकित प्रश्न दिसतो, पण आकडेवारी हवी असेल तर अतारांकितच कामाचा. त्याचे उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते, संकेतस्थळावर राहते, आणि पुढे न्यायालयात किंवा मोर्चात कागद म्हणून दाखवता येते.

विधिमंडळातील प्रश्नाची एक ठरलेली भाषा आहे: "हे खरे आहे काय?", "असल्यास कोणती कार्यवाही केली?", "नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?" यातच सापळा असतो. "मागासवर्गीय विद्यार्थ्यांवर अन्याय होत आहे, हे खरे आहे काय?" असे लिहिले की उत्तर येते, "हे खरे नाही." आणि पुढच्या सगळ्या भागांना, "प्रश्न उद्भवत नाही." त्याऐवजी अमुक वर्षात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे जिल्हानिहाय किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती प्रलंबित आहेत आणि कोणत्या तारखेपासून, असे विचारा. आकडा मागितला की "खरे नाही" म्हणून सुटता येत नाही. मत विचारू नये, न्यायप्रविष्ट बाब टाळावी, आणि मजकूर आटोपशीर ठेवावा.

कोणते दार?

वसतिगृहातले जेवण, पोलीस ठाण्यात न नोंदवलेला ॲट्रॉसिटीचा गुन्हा, गावातली स्मशानभूमी हे विषय राज्याचे. ते आमदाराकडे न्या. विधिमंडळात तातडीच्या बाबीसाठी लक्षवेधी सूचनाही असते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा वाटा हा खासदाराचा विषय. अनुसूचित जातींच्या यादीतील बदल कलम ३४१ नुसार फक्त संसदच करू शकते. १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० साली संसदेच्या कायद्यानेच झाला. उलट बोधगया मंदिराचा १९४९ चा कायदा बिहारचा आहे, त्यामुळे त्यातील दुरुस्तीचे पहिले दार पाटण्यात आहे. दिल्लीच्या खासदाराला दिलेल्या निवेदनात हे लिहिलेले आम्हाला अजून फारसे दिसले नाही.

उत्तर आल्यावर

मंत्री सभागृहात "माहिती घेऊन सांगू" किंवा "तपासून पाहू" असे म्हणाले, तर ते बहुधा आश्वासन म्हणून नोंदले जाते. संसदेत ते तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते आणि त्यावर दोन्ही सभागृहांच्या आश्वासन समित्या लक्ष ठेवतात. म्हणून उत्तराची तारीख आणि प्रश्न क्रमांक लिहून ठेवा. तीन महिन्यांनी त्याच खासदाराकडे जा, तो क्रमांक दाखवा आणि आश्वासन पूर्ण झाले का ते विचारा.