चमत्काराचे कारागीर

महाविद्यालयांच्या प्रवेशाचे दिवस आले म्हणजे सल्ला विचारण्यास येणाऱ्या पालकांच्या तोंडून अलीकडे एक नवा प्रश्न ऐकूं येतो. मुलास किंवा मुलीस चित्रकलेची गोडी आहे, गणितहि बरें येतें, आणि 'व्हीएफएक्स' शिकण्याचा हट्ट धरला आहे. तें कितपत शहाणपणाचें? चित्रपटांत जें प्रत्यक्ष घडलेलेंच नाहीं तें घडलेंसें दाखविण्याची ही विद्या. पालकांच्या मुद्रेवर जी शंका दिसते ती केवळ पगाराची नसते. हा धंदा परका आहे, संगणकाबरोबर काल-परवां समुद्रापलीकडून आला आहे, आपल्या घराण्यांत व आपल्या वस्तींत त्याला कांहीं पूर्वपीठिका नाहीं, अशी त्यांची समजूत असते. दादरच्या गृहस्थानें असें म्हणावें याचें मात्र नवल वाटतें. कारण या देशांत हा धंदा नांवारूपास आला तो त्यांच्याच घराजवळ, दादर स्टेशनच्या पूर्वेकडील एका बंगल्यांत, १९१२-१३ सालीं. आणि त्याला जन्म देणारा मनुष्य एका संस्कृत शास्त्र्याचा मुलगा होता.

दादासाहेब फाळक्यांचें चरित्र आतां शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक आहे. पण तें ज्या रीतीनें सांगितलें जातें तींत एक गफलत होते. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके वडिलांना विल्सन कॉलेजांत संस्कृत शिकविण्याची जागा मिळाल्यामुळें मुंबईस आले, १८८५ मध्यें जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले, पुढें बडोद्याच्या कलाभवनांत रमले. गोध्र्यास त्यांनीं फोटोग्राफीचें दुकान थाटलें. तेथें प्लेगनें पहिली पत्नी व मूल हिरावून नेलें. नाटकांचे पडदे रंगविले, जादूचे खेळ केले. १९०३ मध्यें पुराणवस्तु खात्यांत ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी धरली आणि स्वदेशीच्या चळवळीच्या ऐन भरांत ती सोडली. लोणावळ्यास ब्लॉक करण्याचा व छपाईचा कारखाना काढून राजा रविवर्म्याच्या छापखान्याचें काम केलें. १९०९ मध्यें जर्मनीस जाऊन रंगीत छपाईचीं यंत्रें आणलीं. आणि दादरला भरभराटीस आलेल्या 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स'मधून भागीदारांशीं न पटल्यामुळें रिकाम्या हातांनीं बाहेर पडले. त्या वेळीं त्यांनीं चाळिशी ओलांडली होती. चरित्रलेखक ही सर्व हकीकत दोन पानांत आटोपतात आणि चटकन् 'राजा हरिश्चंद्रा'कडे वळतात. वाचणाराच्या मनावर ठसा उमटतो तो एका धरसोड्या माणसाचा, ज्याला अखेरीस एकदांचें आपलें काम सांपडलें.

माझें म्हणणें याच्या उलट आहे. या प्रत्येक धंद्यानें त्यांच्या हातीं एकेक हत्यार दिलें, आणि तीं सर्व हत्यारें एकाच माणसाच्या हातीं आल्याखेरीज ट्रिकचा चित्रपट या देशांत त्या वेळीं झालाच नसता.

छपाईचेंच घ्या. तिरंगी छपाईंत एका चित्राचे तीन ठसे करावे लागतात. पिवळ्या ठशावर तांबडा आणि त्यावर निळा असा एकाच कागदावर उमटवीत जावें लागतें. एखादा ठसा केसभर सरकला तर देवीच्या ओठांचा रंग गालावर सांडतो. ठशावर ठसा नेमका बसविण्याची ही शिस्त ज्याच्या अंगीं मुरली त्याला कॅमेऱ्यांतला 'दुहेरी ठसा' समजावून सांगावा लागत नाहीं. त्या काळचा कॅमेरा हातानें फिरवावयाचा असे. काळ्या पडद्यापुढें देव उभा करून हँडलाचे फेरे मोजीत चित्र घ्यावयाचें, मग भिंग झांकून तितकेच फेरे उलटे फिरवून फिल्म मागें न्यावयाची, आणि त्याच फिल्मवर आतां राजाचा प्रसंग टिपावयाचा. काळ्या पडद्यानें फिल्मवर कांहींच उमटविलेलें नसतें. त्या कोऱ्या जागेंत राजा उमटतो आणि त्याच्यापुढें देव हवेंत प्रकट होतो. मोजणींत चूक झाली कीं दोन्हीं दृश्यें वायां! फिल्म विलायतेहून येणारी, पैसा उसना. हें गणित चुकविण्याची सोयच नव्हती.

जादूचें महत्त्व याहून सूक्ष्म आहे. स्वतःच्या नांवाचीं इंग्रजी अक्षरें उलटसुलट करून 'प्रोफेसर केल्फा' या नांवानें फाळके खेळ करीत, ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते. पण प्रेक्षकांचें लक्ष कोणत्या क्षणीं कोठें असतें आणि कोठें नसतें, हें जाणण्याची दुसरी शाळा कोणती? फ्रान्समध्यें ट्रिकच्या चित्रपटांचा आद्य आचार्य जॉर्ज मेलिएस हाहि मुळांत जादूगारच. त्यानें १८८८ मध्यें पॅरिसचें रोबेर-हूदॅं नांवाचें जादूचें थिएटर विकत घेतलें होतें. त्याच हूदॅंच्या नांवावरून पुढें अमेरिकेंतल्या एका प्रसिद्ध जादूगारानें 'हुडिनी' हें नांव घेतलें. आणि आज धूर, पाणी, आग व कोसळणाऱ्या इमारती संगणकावर निर्माण करणाऱ्या एका साधनप्रणालीचें नांवहि 'हुडिनी'च आहे. तिची दुसरी बहीण, त्रिमिती आकृति घडविणारी, हिचें नांव 'माया'. आणि तें आपल्याच संस्कृत शब्दावरून घेतलेलें आहे. शास्त्रीबुवांच्या मुलास हें ऐकून हंसूं आलें असतें.

फोटोग्राफी, मूर्ति घडविणें, पुराण्या इमारतींचीं मोजमापें घेऊन आरेखन करणें, नाटकाचे पडदे, यांचा उपयोग उघडच आहे; तो विस्तारानें सांगत नाहीं.

१९११ सालीं ईस्टरच्या दिवसांत गिरगांवच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्यें ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहतांना हीं सर्व हत्यारें एकदम एका कामाला लागलीं. पडद्यावर ख्रिस्त दिसत असतां आपल्याला राम व कृष्ण दिसत होते, असें त्यांनीं पुढें स्वतःच लिहून ठेविलें आहे. त्यानंतरचे कांहीं महिने त्यांनीं चित्रपट पाहण्यांत व रात्री जागून प्रयोग करण्यांत घालविले. डोळ्यांवर इतका ताण पडला कीं कांहीं काळ दृष्टि गेली. उपचारानें ती परत आली. मग विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारींत ते लंडनला पोंचले, 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाच्या ओळखीनें सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला, आणि विल्यम्सनचा कॅमेरा, फिल्मला छिद्रें पाडण्याचें यंत्र व कोरी फिल्म यांची मागणी नोंदवून १ एप्रिलला परतले. परदेशीं शिक्षणासाठीं मुलास दोन-दोन वर्षें पाठवूं पाहणाऱ्या पालकांनीं हा अवधि ध्यानांत घ्यावा. शिकावयाचें तें बहुतेक सारें येथेंच शिकून झालें होतें.

आल्यावर पहिला प्रयोग केला तो वाटाण्याचा. कुंडींत बी पेरून, ठराविक अंतरानें थोडीं थोडीं चित्रें घेत, अंकुर फुटण्यापासून वेल चढेपर्यंतची वाढ त्यांनीं एका लहानशा चित्रपटांत दाखविली. कित्येक दिवसांची घटना डोळ्यांदेखत घडते, हाहि एक चमत्कारच. आणि तो पाहूनच पुढील भांडवल उभें राहिलें.

येथें एका व्यक्तीचें नांव घेणें अवश्य आहे. विलायतेहून येणारी फिल्म कडेला छिद्रें नसलेली असे. तीं छिद्रें दादरच्या घरांत, रात्रीं, अंधारांत पाडावीं लागत. आणि हें काम सरस्वतीबाई फाळके करीत. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फूट लांबीचा होता. एका फुटांत १६ चित्रें. म्हणजे ५९,२०० चित्रें. आणि प्रत्येक चित्रास दोन्हीं कडांवर चार-चार छिद्रें. छिद्र जरा वांकडें पडलें तर पडद्यावर चित्र थरथरतें. आणि दुहेरी ठशांत तर देव एकीकडे थरथरतो व राजा दुसरीकडे. म्हणजे ज्या नेमकेपणावर सारी माया उभी होती, त्याचा पाया त्या बाईंच्या बोटांत होता. शिवाय कॅमेऱ्यांत फिल्म भरणें, ती धुणें, आणि कामावरच्या सर्व मंडळींचा स्वयंपाक करणें, हेंहि त्यांच्याकडेच. यांपैकीं कोणत्याहि कामाला त्या वेळीं पदवी नव्हती, पगार नव्हता, आणि पडद्यावर नांव तर नव्हतेंच.

'राजा हरिश्चंद्र' २१ एप्रिल १९१३ रोजीं ग्रँट रोडच्या ऑलिंपियांत निमंत्रितांना दाखविण्यांत आला आणि ३ मे रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशनमध्यें लागला. त्यांत ज्वाळांत अडकलेल्या तीन शक्तींचें दर्शन आहे, अखेरीस देव प्रकट होतो. आजच्या डोळ्यांस हे प्रयोग साधे वाटतील. त्याच वर्षीं फाळके नाशिकास गेले आणि तेथें त्यांची ही विद्या पूर्ण वयांत आली. १९१७ च्या 'लंकादहना'त मारुति आकाशांतून उडाला. १९१८ च्या 'श्रीकृष्णजन्मा'त भयानें पछाडलेल्या कंसाचें मस्तक धडावेगळें होऊन पुन्हां जागेवर आलें. लोकांनीं थिएटरांत हात जोडले, याचा उल्लेख सर्वत्र आढळतो, आणि त्यावरून प्रेक्षक भोळे होते असा निष्कर्ष सहज काढला जातो. मला तो मान्य नाहीं. 'लंकादहना'त राम आणि सीता या दोन्हीं भूमिका एकच नट, अण्णा साळुंके, करीत होते. तें पाहूनहि ज्यांचा भाव ढळला नाहीं ते प्रेक्षक भोळे नव्हेत, रसिक होते. कीर्तनकारानें उपरणें खांद्यावरून डोक्यावर घेतलें कीं कौसल्या उभी राहते, हें ज्यांच्या अंगवळणीं पडलेलें आहे त्यांना यांत अडचण कसली?

आणि फाळक्यांना त्यांना फसवावयाचेंहि नव्हतें, याला पुरावा आहे. १९१९ च्या 'कालियामर्दना'त प्रारंभींच त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी नित्याच्या रूपांत प्रेक्षकांपुढें येते, चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव करून दाखविते, आणि मग पाहतां पाहतां कृष्ण होते. पडदा आधींच बाजूला सारून मग खेळ दाखवावयाचा, एवढी हिंमत मीं दुसऱ्या जादूगाराची पाहिली नाहीं. चित्रपट कसे तयार होतात यावर त्यांनीं एक लघुपट काढला. 'नवयुग' मासिकांत लेखमाला लिहिली. रहस्य पोटांत ठेवणाऱ्या माणसाचीं हीं लक्षणें नव्हेत.

असें असूनहि विद्या पुढें नीट गेली नाहीं, आणि हीच या इतिहासांतली खरी हानि आहे. तिला शाळा मिळाली नाहीं. १९१८ मध्यें भांडवलदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली, वर्षभरांत खटके उडाले, दादासाहेब काशीस निघून गेले; परत आले ते नोकर म्हणून. पुढें बोलपट आला. 'गंगावतरण' हा त्यांचा १९३७ चा अखेरचा चित्रपट, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकास ते विपन्नावस्थेंत वारले. मेलिएसनेंहि उतारवयांत पॅरिसच्या एका स्टेशनांत खेळणीं विकलीं होतीं.

कोल्हापुरास बाबूराव पेंटरांनीं आपली वाट स्वतंत्र पाडली; 'सैरंध्री'तील कीचकाचा वध इतका खरा वाटला कीं सेन्सॉरनें त्याला कात्री लावली. मुंबईंत पुढची पिढी शिकली ती अशीच, कोणी कोणास न शिकवितां. सुरतेहून आलेल्या बाबूभाई मिस्त्रींना १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त अदृश्य माणूस दाखवावयाचा होता. त्यांनीं काळ्या पडद्यापुढें वस्तु काळ्या धाग्यांनीं हालविल्या, आणि धंद्यांत त्यांना नांवच पडलें 'काळा धागा'. पंचवीस वर्षांपूर्वीं दादरला जो काळा पडदा लागला होता, तो पुन्हां नव्यानें शोधावा लागला! परळला वाडिया बंधूंचा स्टुडिओ होता; १९४२ मध्यें ती जागा शांतारामबापूंकडे येऊन तेथें 'राजकमल' उभें राहिलें. या सर्व ठिकाणीं ट्रिकचें काम करणारीं माणसें होतीं. त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें कोणीं टिपून ठेविलीं नाहींत.

आज मुंबईंत या धंद्यांत हजारों तरुण आहेत, आणि पुष्कळांचें काम सरस्वतीबाईंच्याच जातीचें आहे. 'रोटो' म्हणून जो विभाग असतो, त्यांत नटाच्या आकृतीची कडा एकेका चित्रांत आंखून ती मागच्या दृश्यापासून वेगळी करतात. सेकंदास २४ चित्रें. पांच सेकंदांच्या दृश्यास १२०, आणि नायिकेचे केस मोकळे असतील तर आंखणाराचें दैवच म्हणावयाचें. परदेशच्या मोठ्या चित्रपटांचें हें काम मोठ्या प्रमाणावर येथें होतें. 'लाइफ ऑफ पाय' मधील वाघ ज्या अमेरिकन कंपनीनें निर्माण केला, तिच्या मुंबई व हैदराबाद येथील शाखांतील कारागिरांचा त्यांत हात होता. त्या वाघाला २४ फेब्रुवारी १९१३ नव्हे, बरोबर शंभर वर्षांनीं, २४ फेब्रुवारी २०१३ रोजीं ऑस्कर मिळालें. आणि त्याच महिन्यांत, थोडे दिवस आधीं, त्या कंपनीनें दिवाळें जाहीर केलें होतें. भांडवल एकाचें, कला दुसऱ्याची, आणि हिशेबाची वही तिसऱ्याच्या हातीं, हा प्रकार नाशिकच्या कंपनींतहि होताच.

म्हणून पालकांस मीं सांगतों तें इतकेंच कीं, 'माया' किंवा 'हुडिनी' येते एवढ्यावर मुलाचें समाधान होऊं देऊं नका. साधनें पांच-सात वर्षांत पालटतात. मुलानें रेखाटन करावें, मातीचें काम करावें, उजेड कोठून पडतो हें पाहत हिंडावें, जमल्यास एखाद्या छापखान्यांत चार महिने काढावे. वेळ फुकट गेला असें नातलग म्हणतील. दादासाहेबांच्या नातलगांनींहि म्हटलें असेल.

दादरच्या त्या रस्त्यास आतां फाळक्यांचें नांव आहे. 'राजा हरिश्चंद्रा'च्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें अशीं दोनच आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत शिल्लक आहेत. आणि तींहि मूळचीं नसून १९१७ मध्यें फाळक्यांनीं पुन्हां चित्रित केलेल्या प्रतीचीं असावींत, असें अभ्यासकांचें मत आहे. तसें असेल तर सरस्वतीबाईंनीं दादरच्या घरांत ज्या फिल्मला छिद्रें पाडलीं, तिचा एक फूटहि आतां उरलेला नाहीं.