शिलिंगाचे दिवस : १८५१ चे लंडन प्रदर्शन आणि अल्पव्ययी ज्ञानसहलीचा प्रश्न

इंग्लंडमधील वस्तुसंग्रहालयांच्या इतिहासात १८३७ सालच्या ईस्टर सोमवाराला जे महत्त्व मिळावयास हवे ते सहसा दिले जात नाही. त्या दिवशी ब्रिटिश म्युझियमने सार्वजनिक सुटी असताना आपले दरवाजे प्रथमच उघडे ठेवले आणि २३ हजारांहून अधिक माणसे संग्रह पाहून गेली. ही संस्था १७५९ मध्ये लोकांस खुली झाली होती व तिच्यात प्रवेशासाठी एक पैसाही पडत नसे. तथापि आरंभीच्या काळात आगाऊ लेखी अर्ज करून प्रवेशपत्रिका मिळवावी लागे, आणि पुढे ती अट सुटल्यावरही संग्रहालय नेमके सुटीच्याच दिवशी बंद राही. १८३५-३६ मध्ये पार्लमेंटच्या चौकशी समितीपुढे साक्ष देताना मुख्य ग्रंथपाल सर हेन्री एलिस यांनी या प्रथेचे समर्थन केले होते. सुटीच्या दिवशी गोदीतले खलाशी आणि त्यांच्या सोबतच्या मुली येतील, अशी भीती त्यांनी समितीस घातली. ती भीती निराधार ठरली, हे एका सोमवाराने दाखवून दिले. परंतु त्याहून महत्त्वाची एक गोष्ट या प्रकरणातून लक्षात येते. विनामूल्य प्रवेश आणि सामान्य कुटुंबास परवडणारा प्रवेश या दोन गोष्टी एक नव्हेत. ज्याला सवड फक्त सुटीच्या दिवशी, त्याच्या दृष्टीने सुटीला बंद राहणारे विनामूल्य संग्रहालय आणि अतिशय महागडे संग्रहालय यांत फरक तो कोणता?

या प्रश्नाची सर्वांत मोठी आणि सर्वांत बोलकी कसोटी १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात लागली. त्याआधीच्या दशकात सहलीची साधने हळूहळू तयार होत होती. १८४० च्या उन्हाळ्यात नॉटिंगहॅम आणि लेस्टर या दोन शहरांतील मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटच्या सभासदांनी एकमेकांकडील प्रदर्शने पाहण्यासाठी खास आगगाड्या ठरवून फेऱ्या केल्या. कारागिरांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थांनी काढलेल्या या सहली म्हणजे आजच्या शैक्षणिक सहलीचे जवळजवळ शुद्ध पूर्वरूपच होय. पुढील वर्षी ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक या मद्यपाननिषेधाच्या कार्यकर्त्याने लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे ५०० माणसांना माणशी एक शिलिंगात जाऊन-येऊन प्रवास घडविला. सहलीच्या आगगाडीचा जनक म्हणून कुकचे नाव लोकप्रिय पुस्तकांत येते, ते बरोबर नाही. अशा गाड्या त्याच्यापूर्वीही धावल्या होत्या. त्याचे खरे वैशिष्ट्य असे की गाडी, वाद्यवृंद, चहापान आणि परतीची वेळ हे सारे त्याने एकाच दरात बांधून दिले. १८४४ च्या रेल्वे कायद्याने प्रत्येक कंपनीवर रोज निदान एक गाडी मैलाला एक पेनी या दराने, छप्पर असलेल्या डब्यांसह चालविण्याचे बंधन घातले. बारा पेनींचा एक शिलिंग व वीस शिलिंगांचा एक पौंड हे त्या काळचे चलनमान लक्षात घेता गरिबाच्या आवाक्यातील प्रवासाला या कायद्याने प्रथमच सरकारी आधार मिळाला, असे म्हणता येते.

हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टनने उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १ मे १८५१ रोजी प्रदर्शन सुरू झाले, तेव्हा चार्टिस्ट चळवळीच्या १८४८ मधील केनिंग्टन कॉमन येथील सभेला जेमतेम तीन वर्षे लोटली होती. कामगारांचे लोंढे राजधानीत उतरणार, या कल्पनेने सधन वर्ग अस्वस्थ होता. कर्नल सिब्थॉर्प या खासदाराने तर प्रदर्शनाविरुद्ध पार्लमेंटात आघाडीच उघडली होती. प्रवेशमूल्याचे वेळापत्रक या अस्वस्थतेतूनच घडले. संपूर्ण मुदतीची पत्रिका पुरुषांस तीन व स्त्रियांस दोन गिनी. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. आरंभी दोन दिवस प्रवेशास एक पौंड, त्यानंतर तीन आठवडे पाच शिलिंग, आणि २६ मेपासून सोमवार ते गुरुवार एक शिलिंग, शुक्रवारी अडीच शिलिंग, शनिवारी पुन्हा पाच. रविवारी दरवाजे बंद. एकच इमारत, आत मांडलेल्या वस्तूही त्याच. पण वर्गावर्गांनी एकमेकांस फारसे न भेटता त्या पाहाव्यात, अशी ही व्यवस्था होती. ‘पंच’ साप्ताहिकात जॉन लीचने ‘पौंड’ आणि ‘शिलिंग’ यांची समोरासमोर पडलेली गाठ चितारली, ती याच व्यवस्थेवरची टीका होती.

याहून मूलगामी सूचना खुद्द पॅक्स्टनने केली होती. प्रदर्शन भरण्यापूर्वी, जानेवारी १८५१ मध्ये, त्याने पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल यांस उद्देशून प्रसिद्ध केलेल्या पत्रात प्रवेश विनामूल्य ठेवावा अशी मागणी केली. राजकीय आयोगाने ती फेटाळली. पॅक्स्टन हा मूळचा माळी, शेतकरी कुटुंबात जन्मलेला. त्याच्या मागणीला अनुभवाची धार होती हे नाकारता येत नाही. मात्र त्याची मागणी मान्य झाली असती तर कामगारांची गर्दी फार वाढली असती, असे खात्रीने म्हणणे कठीण आहे. याचे कारण साध्या हिशोबात सापडते.

लीड्समधील एखाद्या कुशल कारागिराचे उदाहरण घ्यावे. त्याचे साप्ताहिक वेतन २४ शिलिंग, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यात रोजी चार शिलिंग, असे धरले तर ते वास्तवाला सोडून होणार नाही. कुकने आरंभी ठरविलेले लंडनचे परतीसह भाडे १५ शिलिंगांच्या घरात होते. ग्रेट नॉर्दर्न व मिडलंड या दोन रेल्वे कंपन्यांच्या चढाओढीत ते पाच शिलिंगांपर्यंत उतरले. राहण्यासाठी टॉमस हॅरिसन याने पिम्लिको भागात रॅनेला रोडवर एका रात्रीत हजार माणसे झोपू शकतील असे ‘मेकॅनिक्स होम’ उघडले होते; तेथे एका रात्रीस सव्वा शिलिंग पडे. भाडे, निवास आणि प्रवेश मिळून सव्वासात शिलिंग झाले. दोन दिवस काम बुडाल्याने गेलेली मजुरी मात्र आठ शिलिंग! अर्थात सर्वांत मोठा खर्च कोणत्याही तिकिटावर छापलेला नव्हता. तो होता बुडालेल्या रोजीचा. प्रवेशाचा शिलिंग हा या साऱ्या बेरजेचा जेमतेम पंधरावा हिस्सा होतो. पत्नीस बरोबर न्यावयाचे तर तिचे भाडे व प्रवेश मिळून आणखी सहा शिलिंग. शेतमजुराची स्थिती याहून बिकट होती. जेम्स केअर्डने १८५०-५१ मध्ये केलेल्या पाहणीत त्याच्या आठवड्याच्या मजुरीची सरासरी साडेनऊ शिलिंग निघाली. त्याला कोणी नेल्याशिवाय लंडन दिसणे शक्यच नव्हते. सरे परगण्यातील काही गावांचे मजूर आपल्या पाद्र्यांच्या मागोमाग सदऱ्यांवरचे गावठी अंगरखे घालून प्रदर्शनात आले, ते असेच कोणाच्या तरी व्यवस्थेने आलेले होत.

शिलिंगाचे चारही दिवस कामाचे होते, ही बाब येथे निर्णायक ठरते. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांना शनिवारी दुपारी दोननंतर मोकळीक दिली होती; पण शनिवारचे प्रवेशमूल्य पाच शिलिंग. रविवारी सर्वांनाच सुटी. पण रविवारी प्रदर्शन बंद. ज्या दिवशी वेळ होता त्या दिवशी पैसा पुरत नव्हता, आणि पैसा पुरे त्या दिवशी वेळ नव्हता. सोमवारी काम टाळण्याची कारागिरांची जुनी चाल, तिला उपहासाने ‘सेंट मंडे’ म्हणत, ती येथे थोडीफार कामी आली असावी. एरवी मालकाने रजा दिली तरच जमे. अनेक मालकांनी ती दिली, काहींनी खर्चही सोसला. त्यामागे उदारपणा होता तसाच आपल्या कारागिरांनी परदेशी यंत्रे पाहून यावे हा व्यवहारही होता.

म्हणून प्रदर्शनाच्या यशाचे श्रेय केवळ कमी दराला देणे योग्य होणार नाही. ते दर आणि वेळ यांची आगाऊ मोट बांधणाऱ्या माणसांना द्यावयास हवे. उत्तरेकडील औद्योगिक शहरांत कित्येक महिने अगोदर प्रदर्शन-मंडळ्या निघाल्या. सभासदाने दर आठवड्यास थोडी रक्कम भरावयाची आणि ठरलेल्या दिवशी सर्वांनी मिळून जावयाचे, असा हा भिशीसारखा प्रकार होता. कुक व त्याचा मुलगा जॉन मेसन यांनी लीड्स, शेफील्ड, ब्रॅडफर्ड येथे वाजंत्री लावून माणसे गोळा केली, प्रवाशांसाठी स्वतःचे वृत्तपत्रही काढले. कुकने नेलेल्या प्रवाशांची संख्या एक लाख ६५ हजार सांगितली जाते. याच्या उलट, कामगारांच्या सोयीसाठी नेमलेल्या आणि डिकन्स, थॅकरे व चार्टिस्ट नेते विल्यम लव्हेट ज्यात होते त्या मध्यवर्ती समितीचा शेवट कसा झाला, हेही पाहण्यासारखे आहे. राजकीय आयोगाने तिला अधिकृत मान्यता नाकारली आणि डिकन्सच्याच ठरावाने ती १८५० मध्ये विसर्जित झाली. कामगारांना आमंत्रण होते, आयोजनात वाटा नव्हता.

पहिल्या शिलिंगाच्या दिवशी, २६ मे रोजी, अपेक्षेपेक्षा बरीच कमी माणसे आली. भीतीने दूर राहिलेले प्रतिष्ठित त्यात होतेच. शिवाय गर्दी होणार या समजुतीने इतरांनीही तो दिवस टाळला असावा. मग ओघ वाढत गेला. दंगा झाला नाही. माणसे शिदोरीच्या टोपल्या घेऊन येत, कारंज्यापाशी बसून खात आणि चालत्या यंत्रांपुढे रेंगाळत. हेन्री मेह्यूने त्याच वर्षीच्या आपल्या कादंबरीत शिलिंगवाल्यांच्या या एकाग्रतेचे, फॅशनेबल प्रेक्षकांशी तुलना करून, कौतुक केले आहे. आत मद्यविक्रीस बंदी होती. उपाहारगृहांतून नऊ लाख ३४ हजारांवर बाथ बन आणि श्वेप्सच्या सोडा व लेमोनेड यांच्या दहा लाखांहून अधिक बाटल्या खपल्या. जॉर्ज जेनिंग्ज याने उभारलेल्या स्वच्छतागृहांचा एक पेनी देऊन आठ लाख २७ हजार वेळा वापर झाला. इतिहासग्रंथांत हे आकडे गंमत म्हणून दिले जातात. परंतु लहान मुले व वृद्ध यांसह दिवसभर बाहेर राहणाऱ्या कुटुंबास पाणी, खाणे आणि शौचाची सोय नसेल तर सहलीचा विचारच संभवत नाही. पेन्झन्सहून पायी लंडनला पोचलेल्या, ऐंशी उलटलेल्या मेरी कॅलिनॅकचे कौतुक त्या वेळी सर्वत्र झाले; अशा निर्धाराच्या व्यक्तीवरून सामान्यांच्या सोयीचे अनुमान मात्र काढता येत नाही.

११ ऑक्टोबरपर्यंत एकूण ६० लाखांवर भेटींची नोंद झाली, त्यांपैकी ४० लाखांहून अधिक शिलिंगाच्या दिवसांतील होत्या. ७ ऑक्टोबर या एकाच दिवशी एक लाख नऊ हजारांवर लोक आले. ब्रिटनच्या तत्कालीन दोन कोटी लोकसंख्येपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने प्रदर्शन पाहिले, असे विधान या आकड्यावरून वारंवार केले जाते. ते ग्राह्य धरता येत नाही. हा आकडा भेटींचा आहे, माणसांचा नव्हे; मुदतीची पत्रिका असलेले लोक पुनःपुन्हा येत, आणि परदेशी प्रेक्षकही त्यातच मोजले आहेत.

शिल्लक राहिलेल्या सुमारे एक लाख ८६ हजार पौंडांतून साउथ केन्सिंग्टन येथे जमीन घेण्यात आली. तेथे १८५७ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात हेन्री कोलने १८५१ चा धडा अचूक गिरविला. आठवड्यातून तीन दिवस प्रवेश मुक्त ठेवला. पण त्याहीपेक्षा मोलाचे म्हणजे गॅसचे दिवे लावून संध्याकाळी संग्रहालय उघडे ठेवले आणि आत उपाहारगृह काढले. काम आटोपलेला माणूस बायकामुलांसह, रोजी न बुडविता, आता संग्रह पाहू शकत होता. आठ शिलिंगांचा तो न छापलेला खर्च दिव्यांच्या प्रकाशाने वाचविला.

प्रदर्शनातील हिंदुस्थानचा विभाग ईस्ट इंडिया कंपनीने सजविला होता. मुर्शिदाबादच्या नवाबाची अंबारी मिरविण्यासाठी पेंढा भरलेला हत्ती एका इंग्रजी गावातील संग्रहालयातून आणावा लागला होता, आणि कोहिनूर मात्र प्रेक्षकांस निस्तेज वाटला. याच प्रदर्शनपरंपरेचा एक फाटा मुंबईस पोचला. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी वस्तू जमविताना येथील संग्रहाचा पाया पडला. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड व जगन्नाथ शंकरशेट यांच्या खटपटीने १८६२ मध्ये इमारतीची कोनशिला बसली आणि १८७२ मध्ये भायखळ्यास व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम उघडले. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. लंडनमध्ये संग्रहालय, बाग आणि प्राणी यांसाठी वेगवेगळ्या फेऱ्या कराव्या लागत. येथे संग्रहालय राणीच्या बागेच्या आवारातच उभे राहिले, आणि पुढे गिरणगावाची वस्ती त्याच्या आसपास वाढली. मुले वाघ पाहावयास निघाली की वाटेत संग्रहालय लागे, ही मुंबईची सोय कोणी हेतुपूर्वक आखली नसली तरी उपयुक्ततेत ती केन्सिंग्टनच्या दिव्यांहून उणी नव्हती.

इंग्लंडात रविवारचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. क्रिस्टल पॅलेस १८५४ मध्ये सिडनम येथे पुन्हा उभा राहिला, पण धर्मनिष्ठांच्या विरोधामुळे रविवारी तो जनतेस खुला होऊ शकला नाही. १८५५ मध्ये नॅशनल संडे लीग स्थापन झाली आणि तिने चार दशके हा लढा चालविला. १८७१ च्या कायद्याने बँक हॉलिडे आले. राष्ट्रीय संग्रहालयांचे दरवाजे रविवारी दुपारी उघडण्यास मात्र १८९६ साल उजाडावे लागले. तोपर्यंत १८५१ च्या उन्हाळ्यात आईबापांचे बोट धरून काचेच्या महालात गेलेली मुले पन्नाशीच्या घरात पोचली होती.