पीएचपीमध्ये ॲरेची की आपोआप का बदलते?

पीएचपी ही वेबसाइट बनवण्यासाठी वापरली जाणारी स्क्रिप्टिंग भाषा आहे. रासमुस लेरडॉर्फ यांनी ती १९९५ मध्ये जाहीर केली. वर्डप्रेसही याच भाषेत लिहिलेले आहे. या भाषेत माहिती ॲरेमध्ये साठवतात. ॲरेतील प्रत्येक नोंदीला एक ओळख असते, तिला 'की' म्हणतात. की फक्त दोनच प्रकारची असू शकते: पूर्णांक किंवा स्ट्रिंग (अक्षरमाला). दुसरे काही दिले, तर पीएचपी बहुतेक वेळा न विचारता ते बदलून घेते.

पनवेल स्थानकाचे उदाहरण

समजा, पनवेलला थांबणाऱ्या गाड्यांची यादी करायची आहे आणि गाडीचा क्रमांक हीच की आहे. मांडवी एक्स्प्रेस १०१०३, जनशताब्दी १२०५१. गणपतीत कोकणात जादा गाड्या सुटतात. विशेष गाड्यांचे क्रमांक शून्याने सुरू होतात, जसे ०११५१. (येथे अंक देवनागरीत दिले आहेत, कोडमध्ये ते इंग्रजी अंकांत असतात.)

तिन्ही क्रमांक अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग म्हणून लिहिले, तरी '१०१०३' आणि '१२०५१' यांचे पूर्णांक होतात. '०११५१' मात्र स्ट्रिंगच राहते, कारण पूर्णांक लिहिताना पुढे शून्य देत नाहीत. एकाच यादीत दोन प्रकारच्या की तयार होतात.

बदलाचे नियम

- साध्या पूर्णांकासारखी दिसणारी स्ट्रिंग पूर्णांक होते. '-५' चेही तसेच.
- पुढे शून्य, अधिक चिन्ह किंवा मोकळी जागा असेल, तर स्ट्रिंग तशीच राहते. '१.५' ही स्ट्रिंगही बदलत नाही.
- दशांश संख्येचा अपूर्णांक गळून जातो: ८.७ चे ८ होतात. पीएचपी ८.१ पासून यावर इशारा मिळतो.
- 'ट्रू' म्हणजे १, 'फॉल्स' म्हणजे ०, आणि 'नल' म्हणजे रिकामी स्ट्रिंग.
- ॲरे किंवा ऑब्जेक्ट की म्हणून चालत नाही; एरर येते.
- देवनागरी अंकांतली स्ट्रिंग पीएचपी संख्या मानत नाही, त्यामुळे ती बदलत नाही.

म्हणून १, '१' आणि 'ट्रू' या तीन की प्रत्यक्षात एकच ठरतात. शेवटची किंमत आधीच्या दोन्ही पुसून टाकते.

नुकसान कुठे होते?

नेहमीच्या आणि जादा गाड्यांच्या याद्या 'ॲरे मर्ज' या फंक्शनने जोडल्या, की घोटाळा होतो. हे फंक्शन पूर्णांक की काढून ० पासून नवे क्रमांक देते. १०१०३ च्या जागी ०, १२०५१ च्या जागी १. '०११५१' मात्र जशीच्या तशी. जोडताना कुठलीही एरर येत नाही. प्रवाशाने १०१०३ शोधले, तर गाडी सापडत नाही. वर्षभर नीट चाललेला कोड नेमका गणपतीच्या गर्दीत फसतो.

अवतरणचिन्हे विसरली, तर वेगळाच प्रकार. ०११५१ ला पीएचपी अष्टमान पद्धतीतील संख्या समजते आणि की होते ६१७!

उपाय काय?

- 'ॲरे मर्ज'ऐवजी अधिक चिन्ह किंवा 'ॲरे रिप्लेस' वापरावे. की कायम राहतात. दोन्ही याद्यांत एकच की असेल, तर अधिक चिन्ह पहिली किंमत ठेवते, 'ॲरे रिप्लेस' नंतरची.
- क्रमांकापुढे एखादे अक्षर जोडावे, जसे 'ग१०१०३'. मग की स्ट्रिंगच राहते.
- की वाचून घेतल्यावर तिचे स्ट्रिंगमध्ये रूपांतर करावे. साठवताना केलेले रूपांतर टिकत नाही.

पनवेलचा पिनकोड ४१०२०६ पूर्णांक होतो, पण एसटीडी कोड ०२२ स्ट्रिंगच राहतो. बेरीज-वजाबाकी करायची नसेल, तर तो आकडा संख्या नसून नाव आहे, असे समजून कोड लिहावा.

इतर भाषांत

जावास्क्रिप्टच्या साध्या ऑब्जेक्टमध्ये उलटे घडते: संख्येची स्ट्रिंग होते. पायथनमध्ये १ आणि '१' या दोन वेगळ्या की राहतात. पण १ आणि 'ट्रू' तिथेही एकच.